माधुरी पुरंदरे यांचे बालसाहित्य आणि आपला मराठीचा वर्ग

माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार व २०१६ साली बिग लिटल बुक पुरस्कार लाभला. चित्रकला, गायन आणि फ्रेंचमधून अनुवाद अशी त्यांची वाटचाल बालसाहित्यालाही उपकारक ठरली. आपल्या पुस्तकांची चित्रे त्या स्वतः काढतात; त्यामुळे चित्रात दिसते ते वाक्यात पुन्हा सांगावे लागत नाही, आणि वाक्य लहान व घरगुती राहते. ‘राधाचं घर’मध्ये उपदेश नाही, घरातली माणसे आणि त्यांना न्याहाळणारी एक लहान मुलगी आहे.

घरी उर्दू वा दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकी मराठी जड जाते. त्याला ही बोलती मराठी निश्चितच जवळची वाटेल. तथापि राधाचे घर शहरी, मध्यमवर्गीय आहे. त्यात या विद्यार्थ्याची अम्मी, अब्बा, दादी नाहीत. ही उणीव एका लेखिकेची नसून एकूण मराठी बालसाहित्याची आहे. म्हणून पुरंदरे यांच्या ‘लिहावे नेटके’मधील स्वाध्याय करून घेताना अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आपल्या घरावरही लिहायला सांगावे. ते घर मराठीत उतरेल, तेव्हाच मराठी त्यांची होईल.