आश्रय आणि आरोळी

धर्मश्रद्धेस चळवळीचे रूप आले म्हणजे तिच्यातील कोणता अंश टिकतो आणि कोणता गळून पडतो, हा प्रश्न कोणत्याही देशातील विचारी वाचकास परका वाटू नये. फ्रँक शेफर यांचे ‘क्रेझी फॉर गॉड’ हे २००७ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र याच प्रश्नाभोवती फिरते. अमेरिकेतील गर्भपातविरोधी चळवळ उभी करण्यास ज्यांनी प्रत्यक्ष हातभार लावला, त्यांपैकीच एकाने त्या चळवळीविषयी आपल्या मनास लागलेली टोचणी येथे सांगितली आहे. तीही श्रद्धा टाकून नव्हे, तर १९९० साली ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीत प्रवेश केलेला एक ख्रिस्ती उपासक या नात्याने. नास्तिकाने बाहेरून केलेल्या टीकेहून या ग्रंथाचे मोल निराळे आहे ते यामुळेच.

ग्रंथकर्त्याचे वडील फ्रान्सिस शेफर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. १९५५ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी ईडिथ यांनी स्वित्झर्लंडमधील डोंगरउतारावरच्या एका खेड्यात आपले घर सर्वांस खुले केले आणि त्यास ‘लाब्री’ असे नाव दिले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ आश्रय. देवाविषयी शंका घेणारे विद्यार्थी, कलावंत, घरदार सोडून भटकणारे तरुण, असे नाना प्रकारचे लोक तेथे येत, जेवत, वाद घालीत. ग्रंथाचा हा भाग सर्वांत सरस उतरला आहे. एका बाजूस आईबापांची अढळ निष्ठा आणि दुसऱ्या बाजूस त्या गर्दीत एकटे पडलेले मूल, असे हे चित्र हसवता हसवता मनास चटका लावते.

याच घरात वयाच्या सतराव्या वर्षी फ्रँक आपल्या प्रेयसीच्या, जिनीच्या, मुलाचे पिता होण्याच्या मार्गास लागले. आईबापांनी त्या दोघांस दूर लोटले नाही. विवाह झाला, कन्या जन्मास आली, आणि तिला हातात घेताना या तरुणास गर्भातील जिवाविषयी जी माया वाटली, तीच पुढे त्याच्या गर्भपातविरोधाचे मूळ ठरली. हे मूळ निर्मळ होते, याविषयी वाचकास शंका राहत नाही.

परंतु मायेपासून मोहिमेपर्यंतचा प्रवास फार वेगाने झाला. आज नवल वाटेल, पण अमेरिकेतील बहुतेक सुवार्तावादी प्रॉटेस्टंट त्या काळी या विषयाकडे रोमन कॅथॉलिकांचा विषय म्हणूनच पाहत. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ साली ठराव करून बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, मातेच्या शरीरास वा मनास धोका अशा प्रसंगी गर्भपातास कायद्याने मुभा असावी, असे म्हटले होते. २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्यानंतरही ही वृत्ती लगेच पालटली नाही. थोरले शेफरही या वादात पडावयास नाखूश होते. त्यांच्या विचारांवर चित्रपटमालिका निघाली, तेव्हा तीत हा विषय आलाच पाहिजे असा हट्ट विशीतल्या मुलाने धरला व वडिलांनी तो पुरविला. १९७९ साली बालकांचे प्रख्यात शस्त्रवैद्य सी. एव्हरेट कूप यांना सोबत घेऊन हा विषय अग्रभागी ठेवणारी दुसरी मालिका काढण्यात आली. मृत समुद्राच्या क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या किनाऱ्यावर शेकडो बाहुल्या विखुरलेल्या आणि त्यांच्यामध्ये उभे राहून कूप बोलत आहेत, हे तीतील दृश्य प्रसिद्धच आहे.

ग्रंथकर्त्याची अस्वस्थता नेमकी कोठे आहे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गर्भपात ही दुःखद गोष्ट आहे, ही त्यांची भावना ग्रंथाच्या अखेरपर्यंत कायम आहे. त्यांस सलते ते निराळेच. त्या दुःखाचे भांडवल करून पुढाऱ्यांनी मते मिळविली, उपदेशकांनी निधी जमविला, आणि ज्या घराचे दार संशयी माणसासही उघडे होते, तेथील शब्द इतरांवर दारे लावण्यासाठी वापरले गेले. आश्रयाची आरोळी झाली. आमच्या मते ग्रंथाचे खरे प्रतिपाद्य हेच होय, आणि ते ग्रंथकर्त्याने प्रांजळपणे मांडले आहे.

दोष दाखविणेही प्राप्त आहे. वडिलांचा संताप, त्यांची विषण्णता, आईबापांमधील कलह यांची वर्णने अनेक ठिकाणी मर्यादा सोडतात. ग्रंथ निघाला तेव्हा वडील १९८४ सालीच वारलेले होते, तर आई हयात होती. लाब्रीत राहिलेले ऑस गिनेस यांनी या चित्रणास जाहीर हरकत घेतली, ती अनाठायी म्हणता येत नाही. मराठी वाचकास येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. नारायण वामन टिळकांचा तापटपणा, लहरीपणा, धर्मांतरामुळे झालेली ताटातूट यांतले काहीच लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवले नाही, तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेलाच असतो. सांगण्यासारखे सर्व सांगूनही त्यांनी हिशेब चुकता करण्याची वृत्ती लेखणीस शिवू दिली नाही. फ्रँक शेफर यांस हे साधलेले नाही. पूर्वी ज्या आवेशाने ते इतरांस पापी ठरवीत, त्याच आवेशाने आता ते आपल्या जुन्या सहकाऱ्यांवर तुटून पडतात. पक्ष बदलला, सूर बदलला नाही.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. ज्या दिवसांत आपल्यापुढे कोणता मार्ग आहे हे जिनीस ठाऊक नव्हते, त्या दिवसांत तिने काय सोसले, हे तिच्या तोंडून ऐकण्याची इच्छा अपुरीच राहते. हा सारा वाद पिता, पुत्र, वैद्य आणि पुढारी यांच्यामध्ये चालतो. जिच्या देहात तो जीव वाढतो, ती स्त्री या कबुलीजबाबातही कडेलाच उभी आहे. चळवळीचा जो दोष ग्रंथकर्ता दाखवितो, तो त्याच्या ग्रंथातही काही अंशी उतरला आहे.

तरीही हा ग्रंथ वाचावा, असेच आम्ही म्हणू. ३१ मे २००९ रोजी, रविवारी, कॅन्सस प्रांतातील विचिटा येथे गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर यांना त्यांच्याच ल्यूथरन मंडळीच्या प्रार्थनामंदिरात गोळी घालून ठार करण्यात आले. मरणारा उपासनेस आलेला ख्रिस्ती होता, आणि मारणाऱ्यास आपण ईश्वराचेच कार्य करीत आहो असे वाटत होते. या घटनेनंतर शेफर यांनी आपल्या पूर्वीच्या शब्दांची जबाबदारी स्वीकारून जाहीर क्षमा मागितली. पुढे २४ जून २०२२ रोजी ‘रो’चा निकाल रद्द झाला आणि चळवळीस हवा असलेला जय मिळाला. जय मिळाला म्हणून करुणाही मिळाली असे होत नाही. कायदा दार बंद करू शकतो, पण दारात उभ्या असलेल्या स्त्रीस आत घेऊन पाणी विचारणे हे काम माणसांचेच उरते. डोंगरावरच्या त्या घरास हे एके काळी ठाऊक होते, आणि ते तेथे कसे विसरले गेले याची साक्ष त्या घरच्याच मुलाने दिली आहे.