शिवडीत बसून वाचलेलं ‘हाऊस, बट नो गार्डन’

निखिल राव यांचं ‘हाऊस, बट नो गार्डन’ हे पुस्तक 2013 साली आलं. 1898 ते 1964 या काळात दादर-माटुंग्याकडे फ्लॅटमधलं राहणं कसं रुजलं, त्याचा हा इतिहास. पुस्तक चांगलंच आहे. माझी तक्रार एवढीच, की ते माटुंग्याच्या खिडकीतून पाहतं, आणि आपण ते शिवडीत बसून वाचतोय.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्राची हवा आत घेणारे रस्ते काढायचे, उत्तरेला नवे प्लॉट पाडायचे. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच, मोहम्मद अली रोडही. पण ट्रस्ट चालायचा कर्जावर. म्हणजे जमिनीतून पैसा निघायलाच हवा. मग उठवलेला हमाल काय दादरच्या फ्लॅटमध्ये गेला? तिथे कारकून, शिक्षक, वकील आले. हमाल शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत शिरला. ट्रस्टने चाळीही बांधल्या, नाही असं नाही. पण पहिल्या वीसेक वर्षांत पाडलेल्या खोल्याच जास्त भरल्या. प्रशांत किदंबी यांच्या 2007 च्या पुस्तकात ही बाजू ठसठशीत आहे. रावांकडे चाळ येते ती मुख्यतः फ्लॅटशी तुलना करायला.

रावांचं सगळ्यात पटणारं निरीक्षण संडासाचं आहे. (हसू नका!) फ्लॅट म्हणजे घरात स्वतःचा संडास, चाळीत तो सामाईक. आता 2020 आठवा. ‘घरातच थांबा’ म्हणाले. इथल्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीतला माणूस थांबणार कसा?

आणि सरकारने केलं काय? सप्टेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्के. डिसेंबरअखेर नोंदणीला रांगा. ज्याची खोलीच भाड्याची, त्याला यातून काय मिळालं? पुढचं तर फारच झालं. ट्रस्टच्या काळात, खोलीत उजेड-वारा यावा म्हणून समोर किती जागा सोडायची याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. आज इमारतीभोवतीची मोकळी जागा कमी सोडायची तर प्रीमियम भरून सूट मिळते. आणि जानेवारी 2021 मध्ये, हवेतून पसरणाऱ्या साथीत, बांधकामावरचे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले! प्लेगनंतरच्या साहेबाला निदान वाऱ्याची काळजी होती, असं म्हणायची पाळी येते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास राज्याने हाती घेतला. शिवडीच्या 12 चाळी त्यातून बाहेर, कारण जमीन पोर्टाची, म्हणजे केंद्राची. 12 जानेवारी 2024 ला याच शिवडीतून अटल सेतू सुरू झाला. जमिनीचा भाव वाढणार, हे सांगायला माझी गरज नाही. चाळीतली मंडळी मागे बसलीयत, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.