मूळ, धातू आणि लेबल : तीन शास्त्रांतील ग्रंथांचा परामर्श

लेआ बाउके आणि आंद्रेआस ब्ल्यूमेल ह्यांनी संपादिलेला ‘लेबल्स अँड रूट्स’ हा निबंधसंग्रह २०१७ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकातील दोन्ही शब्द वाक्यविन्यासाच्या चर्चेत आता पारिभाषिक झाले आहेत. लेबल म्हणजे दोन घटक जोडून सिद्ध झालेल्या पदबंधाला लाभणारी जातिदर्शक खूण; आणि रूट म्हणजे नाम, क्रियापद अशी कोणतीही जात लागण्यापूर्वीचा शब्दाचा गाभा. हेच दोन शब्द वनस्पतिशास्त्र आणि संगणकशास्त्र ह्यांच्या ग्रंथांतही नित्य आढळतात. शब्द एक असले म्हणजे कल्पनाही एकच असतात असे मात्र नाही. भाषाशास्त्राने ह्या शब्दांबरोबर कोणती गृहीते स्वीकारली आणि ती मराठीच्या वर्णनाला कितपत मानवतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. १९७० पासून चॉम्स्कीप्रणीत व्याकरणात पदबंधाची जात त्याच्या शीर्षावरून ठरते, हे रचनेच्या नियमातच गृहीत होते. ‘द मिनिमॅलिस्ट प्रोग्रॅम’ ह्या १९९५ सालच्या ग्रंथातही दोन घटकांच्या संयोगाबरोबर लेबल निर्माण होई. २००२ साली ख्रिस कॉलिन्स ह्यांनी लेबले अजिबात वगळता येतील असा पक्ष मांडला. चॉम्स्की ह्यांनी २०१३ आणि २०१५ ह्या वर्षांतील दोन लेखांत मधला मार्ग काढला : संयोग लेबल देत नाही, ते नंतरच्या शोधप्रक्रियेने सापडते. शिवाय धातू स्वतः लेबल देण्यास दुर्बळ असतो, त्याला जात देणारा दुसरा घटक जोडला जावा लागतो, असेही त्यांनी २०१५ साली प्रतिपादिले. तात्पर्य, मूळ आधी आणि लेबल मागाहून, असा हा क्रम आहे.

हा क्रम अपरिहार्य आहे काय? ह्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर गणितात मिळते. आर्थर केली ह्यांनी १८५७ साली काही आकृतींना ‘वृक्ष’ हे नाव दिले आणि १८८९ साली लेबले लावलेल्या वृक्षांची गणना केली. तीन बिंदूंचा वृक्ष घ्यावा. बिंदूंना नावे नसतील तर आकृती एकच. नावे दिली की वृक्ष तीन होतात, कारण मधला बिंदू कोणता हा भेद उत्पन्न होतो. नावे न देता केवळ एक बिंदू मूळ म्हणून नेमला तर वृक्ष दोन. आणि नावेही दिली व मूळही नेमले तर नऊ. लेबल देणे आणि मूळ ठरविणे ह्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. त्यांतली कोणती आधी करावी ह्याचे बंधन वस्तूत नाही. डोनल्ड नूथ ह्यांच्या ‘द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ ह्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९६८) वृक्षाची जी व्याख्या आहे, तीत मूळ हा ‘नेमलेला’ बिंदू आहे. संगणकशास्त्रज्ञ मूळ शोधीत नाही. तो ते निवडतो. भाषाशास्त्रज्ञाचा दावा मात्र मूळ सापडल्याचा असतो. हा फरक ‘रूट’ ह्या समान शब्दाखाली झाकला जातो.

वनस्पतिशास्त्राचा अनुभव वेगळा आणि अधिक बोधप्रद आहे. लिनीयसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’ (१७५३) ह्या ग्रंथात प्रत्येक जातीला एक लांब वर्णनात्मक नाव आहे आणि समासात एक सुटसुटीत शब्द आहे. वर्णनाचे आणि निर्देशाचे काम असे विभागले गेले, आणि कालांतराने समासातला शब्दच खरे नाव ठरला. १९५७ साली निघालेल्या ह्या ग्रंथाच्या प्रतिमुद्रणाला विल्यम स्टर्न ह्यांनी जोडलेली विस्तृत प्रस्तावना ह्या स्थित्यंतरासाठी आजही वाचावी अशी आहे. आज वनस्पतीचे नाव तिच्या गुणांना नव्हे, तर एका प्रमाण नमुन्याला बांधलेले असते. ह्याचा परिणाम बाभळीच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. १७५३ साली मिमोझा ह्या प्रजातीत गणलेली बाभूळ पुढे अकेशिया प्रजातीत आली. ‘अकेशिया’ हा ग्रीक शब्द प्राचीन काळी ईजिप्तमधील ह्याच काटेरी वृक्षासाठी योजला जाई. पुढे ही विशाल प्रजाती विभागणे आवश्यक ठरले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील ९०० हून अधिक जातींची नावे बदलू नयेत म्हणून २००५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत प्रमाण नमुनाच बदलण्यात आला. २०११ साली मेलबर्न येथे तो निर्णय कायम राहिला. परिणामी बाभूळ ‘व्हॅचेलिया’त आणि खैर ‘सेनेगालिया’त गेला. ज्या झाडामुळे नाव रूढ झाले त्या झाडाकडेच ते उरले नाही. झाडाच्या मुळात काडीइतकाही फरक पडला नाही. फरक पडला तो व्यवस्थेत. येथे लेबल वस्तूचे नसून व्यवस्थेतील स्थानाचे आहे, आणि वनस्पतिशास्त्र ते उघडपणे मान्य करते.

आता भाषाशास्त्राकडे यावे. तेथे ‘रूट’ हा शब्द वाक्याच्या आकृतीत दोन टोकांना येतो. संपूर्ण वाक्याचा सर्वोच्च बिंदू हा वृक्षाचे मूळ. आणि तळाशी असलेला शब्दाचा गाभा हाही मूळच. पहिला अर्थ वृक्षाकृतीबरोबर आलेला आहे, तर दुसरा हिब्रू व्याकरणाच्या परंपरेतला आहे. दाविद किम्ही ह्याच्या मध्ययुगीन कोशाचे नावच ‘मुळांचा ग्रंथ’ असे आहे. चार्ल्स विल्किन्स ह्यांनी १८१५ साली आणि विल्यम ड्वाइट व्हिटनी ह्यांनी १८८५ साली संस्कृत धातूंचे जे संग्रह केले, त्यांत ‘धातू’ला मुळाचाच वाचक शब्द मिळाला. परंतु ‘धातू’ ही वृक्षाची प्रतिमा नाही. ‘धा’ म्हणजे ठेवणे. धातू म्हणजे आधारभूत घटक. अलेक्सियादू, बोरर व शेफर ह्यांनी २०१४ साली संपादिलेल्या ‘द सिंटॅक्स ऑफ रूट्स अँड द रूट्स ऑफ सिंटॅक्स’ ह्या ग्रंथाच्या शीर्षकातील श्लेष मराठीत साधत नाही. तो साधत नाही हे मराठीच्या परिभाषेचे सामर्थ्यच मानावे.

पाणिनीय परंपरेत धातू लेबलासहच पठित आहे. ‘डुकृञ्’ ह्या धातूत ‘कृ’ एवढाच भाग प्रयोगात उरतो. अंत्य ञकार धातूचे उभयपदित्व सुचवितो; आरंभीच्या ‘डु’मुळे विशिष्ट प्रत्यय लागून ‘कृत्रिम’ हे रूप सिद्ध होते. काम झाले की ह्या अनुबंधांचा लोप होतो. यंत्रभाषेच्या जवळ जाणाऱ्या आज्ञावलीत जी लेबले लिहितात, त्यांचीही गती अशीच असते : भाषांतरक त्यांच्या जागी स्थानांक घालतो आणि ती नाहीशी होतात. लेबल अंतिम रूपात दिसत नाही, म्हणून ते आरंभी नव्हते असे म्हणता येत नाही. ‘विद्’ चे उदाहरण ह्याहून निर्णायक आहे. वेत्ति, विद्यते, विन्दति ही रूपे तीन गणांतील तीन धातूंची. उच्चार एक असता गण आणि अर्थ ह्यांखेरीज त्यांची ओळखच पटत नाही. पतंजलीनेही नुसत्या यादीने धातुत्व ठरत नाही, कारण ‘या’, ‘वा’ ह्या धातूंसारखेच ध्वनी असलेले सर्वनामरूप आणि अव्यय भाषेत आहेत, ह्या अडचणीची चर्चा केलेली आहे.

हायडी हार्ली ह्यांनी २०१४ साली मांडलेले मत येथे विचारात घ्यावयास हवे. त्यांच्या मते धातूची ओळख ना ध्वनीने ठरते ना अर्थाने. त्याला केवळ एक क्रमांक असतो. मराठीतील ‘जाणे’ ह्या मताला पुष्टी देते. जातो आणि गेला ह्यांत समान ध्वनी नाही. इतिहासाने ती ‘या’ आणि ‘गम्’ अशा दोन धातूंची अपत्ये, तरी आजच्या मराठीत धातू एकच. पण क्रमांक हे लेबल नव्हे तर काय? जातिदर्शक लेबल काढून टाकताना ओळख देणारे लेबल स्वीकारावेच लागले. आणि जातिदर्शक लेबल तरी पुरते जाते काय? खेळ, नाच, धाव, झोप ही नामे आणि क्रियापदे एकाच धातूपासून होतात. जातिरहित धातूचा पक्ष येथे आकर्षक वाटतो. परंतु खेळ आणि नाच पुल्लिंगी, धाव आणि झोप स्त्रीलिंगी. रूथ क्रेमर ह्यांनी २०१५ च्या ग्रंथात सुचविल्याप्रमाणे लिंग नामकारक घटकावर ठेवले, तरी कोणत्या धातूला कोणता नामकारक घटक चालतो हे नोंदवावे लागतेच. पुढील दाराने घालविलेले लेबल मागील दाराने परत येते.

ह्याचा अर्थ नवा सिद्धांत निष्फळ आहे असा नव्हे. पदबंधाचे लेबल स्थानावरून ठरते हे त्याचे म्हणणे टिकण्यासारखे आहे, आणि बाभळीचा इतिहास त्याला दृष्टांत म्हणून शोभेल. जे टिकत नाही ते धातूविषयीचे म्हणणे. स्थानदर्शक लेबल आणि ओळखदर्शक लेबल ह्या दोन वस्तू आहेत; पहिले मागाहून मिळू शकते, दुसरे आरंभीच हवे. मराठीच्या व्याकरणात आणि कोशात ‘जा’ची नोंद कोठे करावी, ‘धाव’चे लिंग कोठे लिहावे, हे प्रश्न ह्या भेदाशिवाय सुटत नाहीत. ‘रूट’साठी सर्वत्र ‘मूळ’ योजण्याचा मोह अभ्यासकांनी ह्याच कारणासाठी टाळावा. वृक्षाकृतीच्या शिरोबिंदूला मूळ म्हणावे, शब्दाच्या गाभ्याला धातू. आणि धातू लिहिताना त्याचे अनुबंधही लिहावेत.