वगळण्याचा अधिकार आणि जाहिरातीची कला : ऑनलाइन चित्रफितींमधील जाहिरातींची समीक्षा

प्रस्तावना :
जाहिरात ही आधुनिक युगातील एक प्रभावी संज्ञापन-कला आहे. तथापि आंतरजालावरील चित्रफितींच्या आधी व मध्ये येणाऱ्या जाहिरातींचा विचार बहुधा विपणनाच्या अंगाने होतो. कलाकृती म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होताना दिसते. जाहिरात वगळण्याचा प्रेक्षकाचा अधिकार आणि जाहिरातीचा कलात्मक दर्जा यांतील नाते तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाच सेकंदांची अट :
२०१० च्या अखेरीस यूट्यूबने पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळण्याची सोय दिली. प्रेक्षकाने ती लवकर वगळली, तर जाहिरातदाराला तिचे पैसे मोजावे लागत नसत. म्हणजे प्रेक्षकाचा नकार हा व्यवहाराचाच एक भाग मानला गेला.

या अटीतून काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गायको या अमेरिकन विमा कंपनीची २०१५ मधील ‘अनस्किपेबल’ ही मालिका. तिच्यातील एका जाहिरातीत जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले कुटुंब दिसते. विम्याविषयीचे वाक्य पहिल्या पाच सेकंदांतच संपते आणि ही जाहिरात आधीच संपली असल्याने ती वगळता येणार नाही, असे निवेदक सांगतो. त्यानंतर नट जागच्या जागी निश्चल होतात. पण घरातला भलामोठा कुत्रा मात्र टेबलावर चढून सर्वांच्या ताटांतले अन्न फस्त करतो. या मालिकेला त्याच वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात चित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. प्रेक्षक कोणत्याही क्षणी निघून जाऊ शकतो, या जाणिवेतूनच ही रचना जन्मली आहे. तिच्यातील विनोद प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचा मान राखतो.

सक्तीचे सौंदर्यशास्त्र :
याउलट जी जाहिरात वगळता येत नाही, तिला प्रेक्षकाला जिंकण्याची गरजच उरत नाही. मधल्या जाहिरातींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नाटकातील मध्यंतर संहितेतच योजलेले असते. दूरचित्रवाणी मालिकेचा प्रसंगही ‘ब्रेक’ गृहीत धरून लिहिला जातो. ख्यालगायनात अशी जागा नसते. विलंबित आवर्तन भरत भरत गायक समेवर येत असताना मध्येच साबणाची जाहिरात लागली, तर मोडते ती केवळ तंद्री नव्हे, तर रचनाच. मे २०२५ पासून यूट्यूबने स्वाभाविक विरामांच्या जागी अधिक जाहिराती देण्याचे धोरण स्वीकारले. वाक्य मध्येच तोडणे हा दोष आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

जाहिरात-रोधक : प्रतिकार आणि मर्यादा
जाहिरात-रोधक, म्हणजेच ॲड ब्लॉकर, हा या सक्तीला प्रेक्षकाने दिलेला प्रतिसाद आहे. एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ‘ॲडब्लॉक प्लस’ हे साधन म्हणजे अनुचित स्पर्धा नव्हे, असा निर्णय दिला. मात्र रोधक वापरणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचा मार्ग प्रकाशकांना मोकळा असल्याचेही नमूद केले. २०२३ मध्ये यूट्यूबने हाच मार्ग जगभर अवलंबिला.

तथापि रोधकाला निर्दोष ठरविणेही योग्य नव्हे. ‘ॲडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट दिली व पुढे मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी मोबदला घेतला. पहारेकऱ्याने जकात नाका उघडावा, तसाच हा प्रकार आहे. शिवाय दीर्घ चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नापैकी ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. रोधक वापरून ख्याल ऐकणारा रसिक गायकाच्या मानधनालाही नकळत कात्री लावत असतो. सक्तीला दिलेला नकार आणि कलावंताचे देणे यांत त्याला फरक करता येत नाही, ही या साधनाची खरी उणीव आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, वगळण्याचा अधिकार हा जाहिरातीचा शत्रू नसून तिच्या कलेचा आधार आहे. जिथे तो होता, तिथे जाहिरातीला पाच सेकंदांत कल्पकता दाखवावी लागली; जिथे तो काढून घेतला गेला, तिथे प्रेक्षकाने बाहेरचे हत्यार हाती घेतले. कलावंताचे उत्पन्न सुरक्षित राहावे असे वाटत असेल, तर पहारा वाढविण्याऐवजी हा अधिकार पुन्हा प्रेक्षकाच्या हाती देणे अधिक श्रेयस्कर ठरेल.