तीस सेकंदांत मावेल तेवढं

शुक्रवारी संध्याकाळी कळमनुरीतल्या पोरांचे फोन उघडून बघावेत. पुण्याला कंपनीत लागलेला मित्र, नांदेडला शिकणारी चुलतबहीण, हिंगोलीहून रोज अपडाउन करणारे सर, सगळ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एकेक गाणं चढलेलं असतं. 'वीकेंड' हा शब्द आमच्याकडे तसा नवाच. शेतकऱ्याला आणि दुकानदाराला तो अजूनही नाही. त्यांची सुट्टी पोळ्याला, नाहीतर बाजाराच्या हिशोबानं. सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. तेव्हा कुठं शनिवारी तहसीलच्या आवारात शुकशुकाट दिसायला लागला. पुढच्या महिन्यात सगळ्या देशालाच सुट्टी लागली, ती गोष्ट वेगळी.

शुक्रवार आणि गाणं यांचं नातं मात्र मराठीत जुनं आहे. १ एप्रिल १९५५ ला रामनवमी होती आणि वार शुक्रवार. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. दर शुक्रवारी सकाळी नवं गीत, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. माडगूळकर आणि फडके हा शुक्रवार सांभाळत होते तेव्हा कळमनुरी हैदराबाद राज्यात होती. जगातल्या बड्या संगीत कंपन्या नवी गाणी शुक्रवारीच बाहेर काढायला लागल्या त्या जुलै २०१५ पासून. साठ वर्षं उशीर झाला, पण आले वळणावर.

या स्टेटसवरच्या गाण्यांना आता 'इंडी' म्हणतात. सिनेमाच्या बाहेरचं, स्वतःच्या हिमतीवर केलेलं गाणं. हिंदीत ही नवलाई असेल, कारण तिथं गाणं म्हणजे सिनेमाचंच असा शिरस्ता होता. मराठीत उलटं आहे. गजानन वाटव्यांपासूनचं भावगीत सिनेमाच्या कुबड्यांशिवायच उभं राहिलं. १९९८ चा मिलिंद इंगळे-सौमित्र यांचा 'गारवा', अवधूत गुप्ते-वैशाली सामंत यांचं 'ऐका दाजिबा', २००३ पासूनचा संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हे सगळं त्याच खोडाला फुटलेलं आहे.

आणि आमच्या मराठवाड्यात तर त्या खोडाची सगळ्यात जाड फांदी भीमगीतांची. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून गाणी पोचवली, प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांचा आवाज कॅसेटमधून वस्तीवस्तीत वाजला. अलीकडे औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गायल्या. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि चार दिवसांत ते सगळीकडं पोचलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, जाहिरात नाही. याहून स्वतंत्र संगीत ते कोणतं? पण मराठी इंडी संगीतावरचे लेख काढून बघा, त्यात गिटार घेतलेली मुलं भेटतील, एकतारी क्वचितच भेटेल. समीक्षेचा कान अजून पुण्या-मुंबईच्या कॅफेत बसलेला आहे.

आज चलती कुणाची आहे? प्रशांत नाकतींची गाणी घ्या. 'माझी बायगो' आलं तेव्हा ताजं वाटलं. सोनाली सोनवणेचा आवाज, चटकन ओठांवर बसणारी चाल, देखणा व्हिडिओ. त्यानंतरच्या गाण्यांत तोच साचा इतक्यांदा वापरला गेला की एकाचा मुखडा संपून दुसऱ्याचा कधी सुरू झाला ते कळेनासं झालं. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आलं, आणि मी सुरुवातीला नाक मुरडलं. नंतर लग्नाच्या मांडवात आजीबाईंपासून लेकरांपर्यंत सगळ्यांना त्यावर नाचताना पाहिलं तेव्हा नीट ऐकलं. ठेका मोजकाच आहे, शब्द बोलल्यासारखे येतात आणि गायक स्वतःच लिहितो, त्यामुळे शब्द आणि श्वास एकमेकांच्या पायात येत नाहीत. ही कारागिरी आहे, नशीब नाही. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. ते मला दोनदा ऐकवत नाही, पण मराठी शब्दांचा नाद क्लबच्या ठोक्यावर असा बसू शकतो हे त्यानं दाखवलं.

अभंग रिपोस्ट या बँडबद्दल माझं मन द्विधा आहे. नामदेवांचं नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, त्यामुळे अभंग म्हटलं की इथला माणूस जरा कडक कानानं ऐकतो. त्यांची बेस गिटार टाळाची जागा बरी घेते. पण गाणं जोरात आलं की शब्द वाद्यांखाली दबतात, आणि अभंगात शब्दच दबला तर मग उरलं काय?

यात मला सलतं ते आणखी वेगळंच. आगरी-कोळी ढंगाला गाण्यात कायमची जागा आहे. अहिराणीचा यूट्यूबवर स्वतःचा मोठा संसार आहे. अमरावतीचा 'हंड्रेड आरबीएच' वऱ्हाडी बाजात रॅप करतो, मुंबईचा 'स्वदेसी' रॅपमध्ये मराठी आणतो. आमचं 'करायलो', 'जायलो', 'काय म्हणायलास' कुठं आहे? कवितेत आहे. पळसखेडच्या महानोरांनी रान गाण्यात आणलं, 'जैत रे जैत'मधून ते घराघरांत गेलं. आमच्या जिल्ह्यातल्या रिधोऱ्याच्या इंद्रजित भालेरावांनी इथली बोली कवितेत ताठ उभी केली. पण शुक्रवारच्या गाण्यांत, निदान माझ्या कानावर आलेल्यांत, ती नाही. मराठवाड्यातलं पोरगं गाणं लिहायला बसलं की 'सखे'पाशी येतं आणि प्रमाण भाषेची इस्त्री करायला लागतं. आम्ही गाणी वाटण्यात पटाईत आहोत, पण त्या गाण्यांत आम्ही बोलत नाही.

वाटण्याची रीतही गाण्याला घडवते. पूर्वी रेकॉर्डिंग सेंटरवर कागदावर गाण्यांची यादी द्यायची. साठची कॅसेट असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, म्हणून कोणतं घ्यायचं आणि कोणतं गाळायचं यावर भावाभावांत भांडण. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. तिथं यादी गेली, 'नवीन सगळी टाक' एवढंच राहिलं. २०१७ मध्ये स्टेटस आलं ते तीस सेकंदांचं. मर्यादा पुढं वाढली, पण सवय तेवढीच राहिली. तीस सेकंदांत मुखडा मावतो. अंतरा मावत नाही, म्हणून तो ऐकला जात नाही, आणि ऐकला जात नाही म्हणून नीट लिहिलाही जात नाही. आजची दहा गाणी घ्या आणि दुसरा अंतरा शोधा. असलाच तर पहिल्याची झेरॉक्स असतो.

नावंही अशीच गळाली. आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांच्या गावांची नावं यायची, आणि गीतकार, संगीतकार, गायक कोण तेही निवेदक सांगायचे. आता गाणं कुणी लिहिलं हे स्टेटस ठेवणाऱ्यालाच ठाऊक नसतं. पैशाचं गणित तर त्याहून कठीण. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला की वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच्या हिशोबात छदामही नाही. तालुक्याच्या गावात खोलीला गोधड्या लावून रेकॉर्डिंग करणाऱ्या पोराला हजार हा आकडा लहान नसतो. त्याचं गाणं पुरतं ऐकून पुढं धाडणारे आपणच, दुसरं कोण आहे?

परवाच्या शुक्रवारी मी भाच्याला एक गाणं पाठवलं. अख्खं. सोबत कवीचं, संगीतकाराचं, गायिकेचं नाव टाइप केलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं : "मामा, कितव्या सेकंदापासून ऐकू?"

पहिल्यापासून, मी लिहिलं. निळ्या खुणा लगेच उमटल्या.