उच्चार, शुद्धी आणि ‘ती फुलराणी’

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे (१९१३) पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आले. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्रा. अशोक जहागीरदार यांच्या आठवणींपाशीच या नाटकाची चर्चा बहुधा घोटाळत राहते. रूपांतर म्हणून त्याचा विचार झालाच, तर ‘अस्सल मराठी वाटते’ हे प्रशस्तिपत्र पुरेसे मानले जाते. मूळ नाटकाचा सारा डोलारा ज्या उच्चारशास्त्रावर उभा आहे, ते शास्त्र मराठीत येताना कशाचे रूप घेते, हा प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो.

शॉचा हिगिन्स हा ध्वनींचा अभ्यासक आहे. हेन्री स्वीट या भाषाशास्त्रज्ञाची छटा त्याच्यात असल्याचे शॉने प्रस्तावनेत स्वतःच सूचित केले आहे. बोलणाऱ्याचे दोन शब्द ऐकून तो त्याचा मोहल्ला सांगतो. शॉची गंमत अशी, की फुलवालीचे उच्चार रोमन लिपीत उतरवण्याचा प्रयत्न तो पहिल्या अंकात काही ओळींपुरताच करतो आणि लंडनबाहेरच्या वाचकाला हे समजणार नाही, असे रंगसूचनेत सांगून सोडून देतो. देवनागरीला ही माघार घ्यावी लागत नाही. ‘ण’चा ‘न’, ‘श’चा ‘स’, ‘ळ’चा ‘ल’ असे बदल लिहिताही येतात आणि वाचताक्षणी ऐकूही येतात. मात्र ही सोय निरुपद्रवी नाही. ‘पानी’ म्हणणारी व्यक्ती कोणत्या गावची, हे कळण्याच्या आत ती कोणत्या जातीची असावी, याचा तर्क मराठी श्रोत्याने करून टाकलेला असतो. इंग्रजी प्रेक्षकाला एलायझाच्या उच्चारांतून वर्ग ऐकू येतो. मराठी प्रेक्षकाला मंजुळेच्या उच्चारांतून त्याहून जुने आणि बदलायला अधिक कठीण असे काही ऐकू येते. ‘जहागीरदार’ हे आडनाव निवडताना रूपांतरकाराच्या मनात काय होते, हे गौण आहे. मालकी आणि वारसा हे दोन्ही अर्थ त्या नावात आयतेच आहेत.

येथे ‘शुद्ध’ हा शब्द कळीचा ठरतो. मराठीत उच्चार बरोबर किंवा चूक असण्याआधी शुद्ध किंवा अशुद्ध असतो. लेखनाचे नियम हेही ‘शुद्धलेखना’चे नियम असतात. सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारातला शब्द भाषेच्या शिकवणीत जसाच्या तसा आला आहे. त्यामुळे हिगिन्सची प्रयोगशाळा मराठीत येताच तिला शुद्धिविधीचे रूप येते. देशपांडे यांच्या संहितेत हा अर्थ उघडपणे मांडलेला नाही, परंतु तो टाळताही आलेला नाही. विनोद त्याच्याच काठाने चालतो.

याच लेखकाच्या ‘अंतू बर्वा’ची तुलना इथे उद्बोधक ठरेल. रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्याचे बोलणेही प्रमाण मराठीपासून पुष्कळ दूर आहे. त्यातले हेल आणि अनुनासिके पुण्यामुंबईच्या कानाला वेगळीच वाटतात. (साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांनी व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार लेखनातून काढून टाकले, कोकणातल्या बोलण्यात मात्र नासिक्य उच्चार टिकून राहिले. प्रमाणभाषेची जुनी खूण अशा रीतीने बोलीत उरली.) तरीही अंतूला कोणी सुधारायला जात नाही. त्याची बोली हे त्याचे व्यक्तिमत्त्व आहे, वाचक तिच्यात रमतो. मंजुळेची बोली ही मात्र तिची अडचण आहे. एकाच लेखकाला दोन्ही बोलींचा कान आहे आणि दोन्हींविषयी जिव्हाळाही आहे. तरी एकीला ‘वल्ली’चा मान मिळतो, दुसरीला शिकवणी लागते. हा फरक भाषाशास्त्राने स्पष्ट होणारा नाही. त्याच रत्नागिरीत नमन-खेळ्यांतून ऐकू येणाऱ्या संगमेश्वरी बोलीला असा साहित्यिक मान सहजी मिळाला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

असे असूनही ‘ती फुलराणी’ला केवळ प्रमाणभाषेचे प्रचारनाट्य म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. कारण या नाटकाचा सर्वाधिक गाजलेला भाग, शिक्षकावर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवणारे मंजुळेचे स्वगत, हा तिच्या न सुधारलेल्या बोलीतच आहे. शॉच्या नाटकात तो नाही. त्याचे नाते ‘माय फेअर लेडी’ या १९५६ च्या संगीतिकेतील तशाच प्रसंगाशी आहे. संगीतिकेत ते गाणे आहे आणि चाल त्यातला राग सौम्य करते. देशपांडे यांनी गाण्याचा आधार काढून घेतला. उरला तो केवळ बोलीचा वेग, तिचा नाद आणि रागाचा चढता क्रम. जी भाषा पुसून टाकण्यासाठी नाटकातली सारी खटपट चालली आहे, तिच्यातच नाटकाचे नाट्य सर्वांत प्रखर होते. संहिता येथे आपल्याच कथानकाच्या विरुद्ध साक्ष देते. शॉची एलायझा शेवटी उच्चारशास्त्र शिकवण्याची धमकी देते, म्हणजे मालकाचेच हत्यार उचलते. मंजुळेच्या हाती त्या स्वगतापुरते तरी स्वतःचे हत्यार आहे.

पुढे १९८० मध्ये राजापूर तालुक्यातल्या गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि मालवणी बोलीला शिक्षकाशिवाय संपूर्ण रंगमंच मिळाला. तिथेही प्रेक्षक हसतो, पण बोलणाऱ्याच्या उच्चाराला प्रमाणाची पट्टी लावणारे पात्र मध्यस्थ म्हणून उभे नसते. याउलट २०२३ च्या ‘फुलराणी’ या चित्रपटात कोळीवाड्यातल्या मुलीला सौंदर्यस्पर्धेसाठी तयार केले जाते. उच्चाराची जागा तिथे व्यक्तिमत्त्वविकासाने घेतली आहे, आणि त्याबरोबर मूळ प्रश्नाची धारही गेली.

मंजुळेचे स्वगत महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतून आणि एकपात्री स्पर्धांतून आजही हमखास सादर होते. ते सादर करणारी विद्यार्थिनी बहुधा प्रमाण मराठी बोलणारी असते आणि ‘न’ व ‘स’ मेहनतीने घोटून पाठ करते. जिच्या घरी हे उच्चार मुळातच आहेत, तीही क्वचित या स्पर्धेत उतरते. पण तिला आधी निवेदनासाठी आपले ‘ण’ आणि ‘ळ’ सुधारून घ्यावे लागतात, आणि मगच मंजुळेसाठी ते पुन्हा बिघडवण्याची परवानगी मिळते.