जुन्या रायफलींची सफाई : एक आक्षेप

संग्रहांत नवी आलेली जुनी बंदूक प्रथम "स्वच्छ" करावयाची, व स्वच्छ म्हणजे लखलखीत, अशी समजूत आमच्याकडे फार रूढ आहे. देवघरांतील पितळेस लावावयाची चिंच आणि विटेची पूड हीच नळीसही लावतात. कोणी थोडे सुधारलेले असतात ते गंज काढण्याचें तयार द्रावण आणवितात. आमचे मतें ही सफाई नव्हे, पुराव्याचा नाश आहे.

बेकर रायफल इंग्रजी फौजेंत १८०० च्या सुमारास आली. तिची नळी तपकिरी केलेली असे. हा तपकिरी रंग म्हणजे बाहेरून दिलेला रोगण नव्हे. नळीवर तीव्र द्रव लावून ती मुद्दाम गंजवावयाची, सुटा गंज ब्रशानें झाडावयाचा व हाच क्रम पुनःपुन्हा करावयाचा, अशा रीतीनें तो बसवीत. पुढील काळच्या नळ्यांचा निळा-काळा रंग हाही लोखंडाच्याच प्राणिदाचा पातळ थर होय. गंज खाणाऱ्या अम्लास हा रंग आणि तो गंज यांतील भेद कळावा कसा? चिंचेसही तो कळत नाहीं. उलट त्याच फौजेच्या साध्या बंदुकीची नळी आरंभीं उजळच ठेवीत. तेव्हां उजळपणा मूळचा कोणता व परवांचा कोणता, हें ठरविण्याचें साधनच घासणारा नाहींसें करतो. त्याबरोबर कारागिराचे शिक्के व परीक्षेच्या खुणाही झिजतात. देशी तोडेदार बंदुकीवर कोफ्तगरीचें काम असल्यास हानि याहून मोठी, कारण तेथें सोन्याची तार केवळ ओरखडलेल्या पोलादावर ठोकून बसविलेली असते.

"एकच तेल सर्वांस चालतें" हें मतही आम्हांस मान्य नाहीं. काळ्या दारूची राख क्षारमय असते. ती तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळते. म्हणून नळीच्या आंत कढत पाणी, मग पूर्ण कोरडें करणें, आणि त्यानंतरच तेल. अमोनियायुक्त द्रव पितळी भागांस बाधतो. दस्त्यास चपड्याचा लेप असेल तर स्पिरिट लागतांच तो सुटतो. जवसाच्या तेलाचा असेल तर कोरडें मऊ फडकें बहुधा पुरतें. लेप कोणता हें दस्त्याच्या झांकलेल्या कोपऱ्यांत थेंबभर लावून आधीं पाहावें.

नळीच्या बाहेरील बाजूस शुद्ध खनिज तेलाचा हलका हात व सुती हातमोजे एवढेंच आम्ही सुचवितों, कारण बोटांच्या घामांतील मिठानें नवा गंज धरतो. आणि हें सर्व करण्यापूर्वीं गज नळींत घालून त्याची खोली बाहेरून मोजून ताडावी. पुढून ठासलेल्या जुन्या बंदुका भरलेल्या स्थितींतच खुंटीस टांगलेल्या सांपडतात.